आईची तयारी आणि माझी

डॉक्टरांनी आईला सांगितलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, वय ब्याऐंशी आहे, ऑपरेशन झेपणार नाही. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही. देवाच्या हातात आहे म्हणाले. आईनं पर्सची चेन लावली आणि म्हणाली, ते मला ठाऊक आहे, तुमच्या हातात काय आहे तेवढं सांगा. त्यांनी तीन गोळ्या लिहून दिल्या आणि जिने चढू नका म्हणाले. दवाखाना हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आईचं माहेर मिरजेकडचं, नोकरी मात्र सगळी हुबळीतल्या मराठी शाळेत झाली. तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. बाबा गेल्यापासून ती केश्वापुरात आमच्याकडेच राहायची. मरणाकडे ती शाळेच्या तपासणीसारखी बघायची. साहेब कधी येणार ते ठाऊक नाही, पण आले की हजेरीपट भरलेला हवा आणि फळा पुसलेला हवा. त्यामुळे डॉक्टरांचं ऐकून ती घाबरली नाही. उलट इतकी वर्षं नुसतंच 'तयार असा' म्हणून ऐकत आलेल्या माणसाला अखेर तारखेचा अंदाज मिळावा तशी ती कामाला लागली.

पहिलं काम साडीचं. आमच्यात पांढऱ्या साडीत पुरतात, आणि घरातल्या कुणी घाईघाईत आणलेल्या साडीत जायची तिची तयारी नव्हती. मी तिला दाजीबानपेठेत घेऊन गेले. दुकानदार तिचा जुना विद्यार्थी निघाला. घराणं मूळचं सांगलीकडचं, तीन पिढ्या कापडाच्या धंद्यात. त्यानं गल्ल्यावरून उठून नमस्कार केला आणि बाई, कुणाचं लग्न, म्हणून विचारलं. आई म्हणाली, लग्न नाही, मला पुरताना नेसवायला हवी आहे, फार पारदर्शक नको. त्याच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. मग त्यानं मालाचा विचार केला असावा, कारण तो म्हणाला, बाई, ही घ्या, धुतली तरी आटणार नाही. आईनं ती दोन बोटांत चुरगाळून पाहिली, सुरकुती पडते म्हणून परत केली आणि दुसरी घेतली. सुरकुती कोण बघणार होतं ते मी विचारलं नाही.

मग गीतं. तिनं तीन गीतं निवडली आणि चौथं मुद्दाम खोडून ठेवलं, कारण आमचं गायनमंडळ ते इतकं रेंगाळत म्हणतं की उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांतलं आणखी एक पुरायला होईल. पाळकसाहेबांना बोलावून चहा दिला आणि संदेश नऊ मिनिटांचा असावा असं सांगितलं. ते हसले. ती हसली नाही. फोटो तिनं निवृत्तीच्या वेळचा काढून दिला. आताचा नको, म्हणाली, त्यात मी मेल्यासारखी दिसते.

हे सगळं दोन आठवड्यांत आटोपलं. मला वाटलं आता ती निवांत बसेल.

आमच्या देवळात उपासना कानडीत होते. महिन्यातून एका रविवारी ती मराठीत असते आणि त्याच दिवशी प्रभुभोजन असतं. मंडळीचे पंच भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरतात. त्या रविवारी ताट आमच्या बाकाशी आलं, आईनं ते हातात घेतलं, आणि काही न उचलता माझ्याकडे दिलं. पंचांना वाटलं तिला दिसलं नाही. त्यांनी ताट पुन्हा पुढं केलं. तिनं पुन्हा माझ्याकडे सरकवलं. मी माझा तुकडा उचलून तोंडात टाकला. मी तो नेहमीच टाकत आले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, तब्येत बरी नाही का. ती म्हणाली, तब्येतीचा प्रश्न नाही. मग तिनं एका बाईचं नाव घेतलं, जे मी इथं लिहिणार नाही. ती माझी शाळेतली मैत्रीण. एका बाकावर बसायचो आम्ही. पुढं ती नर्स झाली, मोठ्या इस्पितळात वॉर्डची प्रमुख होऊन निवृत्त झाली, आणि आता सगळेच तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

"तिची क्षमा मिळाल्याशिवाय मी भाकर घेणार नाही," आई म्हणाली. "आणि तोवर मला मरताही येणार नाही. मला तिच्याकडे घेऊन चल."

कशाची क्षमा, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं मी, पण थोडं उशिरा, आणि ते उत्तर ठाऊक असलेल्या माणसाचं विचारणं होतं. आईच्या ते लक्षात आलं नाही.

गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. आमचा समाज लहान. मिरज-कोल्हापूरपासून हुबळी-धारवाडपर्यंत पसरलेला, आणि सगळे एकमेकांचे कुणीतरी. लग्न ठरवायचं तर आधी चौकशी करायची. पाळकसाहेबांना विचारायचे, पण त्यांचं कुणी मनावर घ्यायचं नाही, कारण ते सगळ्यांनाच चांगलं म्हणायचे. खरं काय ते शाळेतल्या बाईंना विचारायचं. आई खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तिला स्वतःला तर फारच माहीत होतं. मुलींच्या बाबतीत तिचा एक शब्द म्हणजे सरकारी शिक्का.

त्या वेळी रेल्वेत नोकरीला लागलेला एक मुलगा बदली होऊन हुबळीत आला होता. त्याच्या आईनं नाताळच्या उपासनेत सिस्टरला पाहिलं आणि तिला ती पसंत पडली. सिस्टरचे वडील आमच्या देवळाची राखण करायचे, झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे. घरात दोन लहान भाऊ. तरी मुलाकडच्यांना त्याचं काही नव्हतं. फक्त चौकशी तेवढी राहिली होती. मुलाची आई आणि मामा एका शनिवारी सकाळी मिरजेहून आमच्याकडे आले.

आईनं त्यांना सांगितलं, मुलगी हुशार आहे, शांत आहे, कामाला वाघीण आहे. आणि मग म्हणाली, "दहावीत असताना सकाळच्या प्रार्थनेला दोनदा पडली होती. एवढं मला सांगायला हवं." एवढं सांगितलं आणि ती गप्प बसली.

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सिस्टर दोनदा पडली होती, रांगेत, सगळ्या शाळेसमोर. दुसऱ्या वेळी आईनंच तिला टांग्यात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीच्या पोटात काही नाही, म्हणून चक्कर येते. घरची भाकरी ती भावांना देऊन उपाशी शाळेत यायची. हे वाक्य आईनं पाहुण्यांना सांगितलं नाही. पाहुण्यांनी चहा घेतला आणि उठले. गावात दोनदा पडलीचं फेफरं व्हायला आठवडाही लागला नाही. आमच्या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ते स्थळ गेलं, पुढं दुसरं आलं नाही. सिस्टरनं लग्न केलं नाही.

तीन महिन्यांनी त्याच मुलाचं स्थळ माझ्यासाठी आलं. तो माझा नवरा.

आईनं मला हे सगळं त्या रविवारी दुपारी सांगितलं, ओळीनं, तारीखवार, तपासणीच्या साहेबांपुढं सांगावं तसं. पापाची वेळसुद्धा तिनं पक्की करून ठेवली होती. पाहुण्यांशी बोलताना माझ्या मनात तू नव्हतीस, म्हणाली. ते जिना उतरत होते तेव्हा आलीस. तेव्हा मी हाक मारून राहिलेलं सांगू शकले असते. ते खाली चपला घालत होते. चांगला वेळ लावला त्यांनी.

मी ऐकत राहिले. आता मला जे लिहायचं आहे ते मी त्या दुपारी तिला सांगायला हवं होतं. त्या शनिवारी चहा मी केला होता. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये एक पडदा होता, त्यावर बदकं छापलेली होती, आणि मी गाळणं हातात धरून त्या पडद्याआड उभी होते. आई काय म्हणाली ते मी ऐकलं. सिस्टर का पडली ते मला आईच्याही आधीपासून माहीत होतं, कारण रोज मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली अर्धी चपाती ती खायची. कुणाला सांगू नकोस म्हणून तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. त्या दिवशी पडदा सारून दोन शब्द बोलायचे होते. मी मनाशी म्हटलं, वचन दिलंय. आणि मुलगा मला आवडला होता. तो देवळात तबला वाजवायचा, तसा काही फार चांगला वाजवायचा नाही. मी चहा गाळला, कप भरले आणि बाहेर नेऊन दिले. मामांनी चहाचं कौतुक केलं.

वचन पाळायचं पुण्य मी आयुष्यात एवढं मनापासून पुन्हा कधी केलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आईनं आणखी एक काम उरकलं. तिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं, तुमचं लग्न दुसरीकडे ठरत होतं, ते माझ्यामुळं मोडलं, मला क्षमा करा. तो आमटी ओरपत होता. म्हणाला, बरं झालं की आई. आई म्हणाली, क्षमेचं हे उत्तर नाही. तेव्हा त्यानं वाटी खाली ठेवली आणि केली क्षमा म्हणाला. नंतर मी त्याला विचारलं की तुला वाईट नाही वाटलं का. तो म्हणाला, मला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं, आणि तुझ्या वेळीही विचारलं नाही. मग टीव्ही लावला.

आईला सिस्टरकडे न्यायचं काम माझं होतं आणि मी ते लांबणीवर टाकलं. सिस्टरचं घर अमरगोळच्या बाजारसमितीच्या पलीकडे, केश्वापुरातून रिक्षानं अर्धा-पाऊण तास. पहिल्या आठवड्यात मी ऊन फार आहे म्हणाले. दुसऱ्यात मिरचीचा हंगाम आहे, तिकडं ट्रकांची गर्दी असते म्हणाले. तिसऱ्यात नवऱ्याचा कान दुखत होता. आई रोज सकाळी गोळ्या घेताना नुसतं "आज?" असं विचारायची. मी उद्या म्हणायचे. खाई त्याला खवखवे. आई समोर बसून सगळं सांगणार, आणि सांगताना सिस्टर माझ्याकडे बघणार, एवढीच मला भीती होती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आईला न्हाणीघराच्या दारात धाप लागली. मी तिला स्टुलावर बसवलं. ओठ निळसर झाले होते, बोलता येत नव्हतं, माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता अमरगोळला जावं लागणार नाही.

दहा मिनिटांनी ती सावरली. मी मात्र सावरले नाही. स्वतःची एवढी किळस मला आधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. माझी आई क्षमा मिळाल्याशिवाय गेली असती, मला तोंड लपवता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली.

बाजारसमितीजवळ मिरचीचा खकाणा उठला होता. रिक्षावाला, मी, आई, तिघंही खोकत होतो. आई नाकाला पदर लावून म्हणाली, मरायचंच तर परत येताना मरू. सिस्टर दारात उभी होती. मी आदल्या दिवशी फोन करून आई येतेय एवढंच सांगितलं होतं. केस पांढरे, पाठ ताठ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "बर्री बाई, कूडर्री," या, बसा, म्हणाली आणि आईला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. मला बस म्हणाली नाही, पण मी बसले.

आई बसायला तयार नव्हती. तिला उभं राहून बोलायचं होतं. सिस्टरनं तिच्या नाडीवर दोन बोटं ठेवली आणि बसूनच बोला म्हणाली. मग आई बोलली. शनिवार, मिरजेचे पाहुणे, दोनदा पडल्याचं सांगितलं, उपाशी होतीस हे सांगितलं नाही, जिना, चपला. सिस्टरनं एकदाही मान हलवली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "आयतु बिडर्री, बाई."

झालं, सोडा. धारवाड भागात रिक्षा चुकून घासली तरी हेच म्हणतात. आईचं समाधान होईना. ती म्हणाली, नीट सांग, कशाची क्षमा करतेस ते कळून कर, मला पुढं जाऊन उत्तर द्यायचं आहे.

सिस्टरनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला तेव्हाच कळलं होतं, बाई. मिरजेच्या मामांनी अप्पांना सांगितलं. बाई म्हणाल्या म्हणजे खरंच असणार, असं म्हणाले. अप्पापण म्हणाले, बाई खोटं बोलणार नाहीत. त्या दिवशी अप्पांनी मला विचारलं, तुला फेफरं येतं आणि तू घरात लपवून ठेवलंस?"

आईनं विचारलं, मग तू काय सांगितलंस.

"काय सांगणार? तुम्ही पुरेसं अन्न आणत नव्हता म्हणून पडले, असं अप्पांना कसं सांगू? होय म्हणाले. अप्पा जाईपर्यंत त्यांना तेच खरं वाटत होतं. मी नाइट ड्युटीला निघाले की काळजी करायचे, कुठं पडशील म्हणून."

आई रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिचं रडणं तिच्या अक्षरासारखं होतं, लहान आणि नीट. सिस्टर तिच्या शेजारी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी तुम्हाला क्षमा केली, बाई. माझ्यासाठी केली आणि अप्पांसाठीही केली. आता निवांत असा." हे तिनं शुद्ध मराठीत, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसं सावकाश म्हटलं. आईनं मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

मग सिस्टरनं उप्पीट आणलं. आईनं दोनदा घेतलं. मी एक बशी संपवली आणि चांगलं झालंय म्हणाले. सिस्टरनं मला मुलांचं विचारलं, नवऱ्याच्या पेन्शनचं विचारलं. बोलायला जागा होती. आई समोर होती, सिस्टर समोर होती, दोघींची मनं मऊ झाली होती. यापेक्षा सोयीची वेळ कुणाला मिळत नाही. मी बशा उचलून मोरीत नेऊन धुतल्या.

परतताना आईचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. उणकलचा तलाव मागं पडल्यावर तिनं एकदम विचारलं, "त्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस. ऐकलं नव्हतंस ना काही?"

मी नाही म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली. "एकटीचंच होतं तर." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

पुढच्या मराठी रविवारी तिनं ताटातला मोठ्यातला मोठा तुकडा उचलला. त्यानंतर ती पाच महिने जगली, आणि मी तिला इतकी मजेत कधी पाहिली नव्हती. शेजारणींना टोमणे मारायची, लोणचं मागायची, पाळकसाहेब आले की त्यांच्या उच्चारांच्या चुका काढायची. एका मंगळवारी जेवण झाल्यावर गवार निवडत बसली होती. मी मोबाइल चार्जिंगला लावायला आत गेले आणि आले तेव्हा ती गेली होती. निवडलेली एका बाजूला, न निवडलेली दुसऱ्या बाजूला. मी ती उरलेली गवार निवडून संपवली आणि मग नवऱ्याला हाक मारली. का ते मला सांगता येणार नाही.

आईला आंघोळ घालायला आणि साडी नेसवायला सिस्टर आली. हे काम तिच्यासारखं कुणाला येत नव्हतं. दार लावून आम्ही दोघीच होतो. तिनं निऱ्या घातल्या, सारख्या केल्या, पुन्हा सारख्या केल्या. सुरकुती एक नव्हती. त्या वेळी मी बोलणार होते, शब्द तोंडात आले होते. पण आईसमोर बोलणं शक्य नव्हतं. तिला मी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती ते खरं धरून गेली होती.

पाळकसाहेबांनी नऊऐवजी पंचवीस मिनिटं घेतली. शुद्ध मनानं मरणाला सामोरं जाणं म्हणजे काय, ते या आईकडून शिका, म्हणाले, आणि सगळी मंडळी आमच्या बाकाकडे बघू लागली. मी तिची मुलगी म्हणून मान खाली घातली. लोकांना ते शोभून दिसलं असावं. कबरीवर माती टाकताना एकजण मला म्हणालासुद्धा, अशा आईच्या पोटी जन्मायला भाग्य लागतं. त्यानंतरच्या दोन मराठी रविवारी मी मागच्या बाकावर बसले आणि ताट येण्याआधी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडले. दुसऱ्या वेळी बाहेर पायरीवर बसले असताना मला कळलं की आता जिला 'उद्या' म्हणावं अशीही कुणी उरलेली नाही.

मी एका गुरुवारी दुपारी एकटीच अमरगोळला गेले. फोन केला नाही, कारण केला असता तर गेले नसते. सिस्टर अंगणात कुंड्यांची माती उकरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पडदा, गाळणं, ऐकलं ते, तबला, सगळं. वचनाचं सांगायला लागले आणि माझं मलाच ऐकवेना, म्हणून ते वाक्य अर्धं सोडलं. आईला रिक्षात नाही म्हणाले तेही सांगितलं. सिस्टरनं हात धुतले, खुर्चीत बसली. मला वाटलं आता आयतु बिडु म्हणेल. खरं सांगायचं तर मी त्याच्याच आशेवर गेले होते.

"तुझ्या डब्यातली चपाती खायचे मी," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"बाईंवर राग होता मला. पण बाई म्हणजे बाई, त्यांचं मी वर्गातल्या शिक्षेसारखं सोसलं. तुला मी त्यात कधी धरलंच नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत मी स्वतःला सांगायचे, एकीला तरी खरं माहीत आहे, तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

मी रडायला लागले. तिनं मला थांबवलं नाही आणि जवळही आली नाही. मला जे रडू येत होतं त्यात माझीच कीव जास्त होती, हे तिलाही दिसत असणार. थोड्या वेळानं मी विचारलं की तू आईला त्या दिवशी एवढ्या चटकन क्षमा कशी केलीस.

"चटकन?" ती म्हणाली. "चौतीस वर्षं लागली मला. रोज थोडी थोडी केली. बाई आल्या तोवर होत आली होती. तुझं मला आज कळतंय. तुझं आजपासून सुरू."

मग मी काय करू, असं मी विचारलं. ती उठून आत गेली आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली, जुनं, पाऱ्याचं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं. एकशे साठवर शंभर. गोळी चालू आहे का म्हणाली. मी म्हटलं, आठवण झाली तर घेते.

"आठवण ठेव," ती म्हणाली. "आणि गुरुवारी येत जा. तू मध्येच गेलीस तर मी काय करू?"

तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. ती आधी रक्तदाब मोजते, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, मग आम्ही चहा घेतो. त्या विषयावर ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. कधी हसते, कधी पूर्ण वेळ कुंड्यांकडेच बघत बसते, आणि मी उठते. देवळात मी अजून ताट येण्याआधी बाहेर पडते. पाळकसाहेब म्हणतात, आईसारखी तयारी ठेवा, बोलावणं कधीही येईल. मी हो म्हणते. मी रोज सकाळी चाळीस मिनिटं चालते, तळलेलं सोडलंय, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघते. नवरा म्हणतो, मरणाला एवढी भ्यायला लागलीस. माझं वय सत्तावन्न आहे. त्यात चौतीस मिळवले तर एक्याण्णव होतात, आणि आमच्या घराण्यात एवढं कुणी जगलेलं नाही. गोळी मी वेळेवर घेते.